पेटी, टाळ आणि ड्रम : उपासनेच्या भांडणात तोंड कोणाचं उघडतं?

(यवतमाळ येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली रूपे शक्यतो तशीच ठेवली आहेत.)

मागे ऐकू येतंय ना? पंखा राहू द्या, मीच थोडं मोठ्यानं बोलतो.

मागच्या वेळी आपण रूप आणि आशय या जोडीबद्दल बोललो. व्याख्यान संपल्यावर एक तरुण मुलगा जवळ आला आणि म्हणाला, ‘सर, हे सगळं ठीक आहे, पण आमच्या मंडळीत ड्रमसेट ठेवायचा की नाही यावरून दोन तट पडलेत. तुमचं तत्त्वज्ञान कोणाच्या बाजूनं?’ मी तेव्हा हसलो. घरी गेल्यावर मात्र हसू आलं नाही, कारण याच भांडणावरून आमच्या घरात तीन वर्षं एका ताटात जेवण झालेलं नाही. म्हणून ठरलेला विषय बाजूला ठेवून आज त्या मुलाच्याच प्रश्नाला उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

श्रोत्यांत ख्रिस्ती नसलेलेही पुष्कळ आहेत, म्हणून भांडण नेमकं काय ते आधी सांगतो. यवतमाळ, वणी, उमरी या पट्ट्यात जुन्या मिशनच्या मंडळ्या आहेत. रविवारची उपासना, हातात ‘उपासना-संगीत’ हे गीतांचं पुस्तक, पेटी-तबला, शास्त्रवाचन, पाळकांचा लांबलचक उपदेश, दानार्पण, आशीर्वाद, आणि घरी. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत याच्या शेजारी नव्या संगती उभ्या राहिल्या. कुठे मंगल कार्यालयात, कुठे टिनाच्या शेडखाली. तिथे कीबोर्ड, ड्रम, भिंतीवर प्रोजेक्टर आणि बरीचशी हिंदी गाणी असतात. सगळे एकाच वेळी मोठ्यानं प्रार्थना करतात, हात वर करतात, कोणी रडतं, कोणी अन्य भाषेत बोलतं, आजाऱ्यांवर हात ठेवले जातात. जुने म्हणतात, हा गोंधळ आहे. नवे म्हणतात, तुमची मंडळी मेलेली आहे.

जाता जाता सांगतो, ‘गोंधळ’ हा शब्द मोठा गमतीचा आहे. महाराष्ट्रात गोंधळ ही मुळात उपासनाच! लग्न झालं की देवीचा गोंधळ घालतात. संबळ वाजतो, रात्र जागते. तोच शब्द आपण आता बेशिस्तीला वापरतो. म्हणजे एकाची उपासना ही दुसऱ्याच्या कानाला कशी ऐकू येते, हे भाषेनंच नोंदवून ठेवलंय.

तर या भांडणात दोन्ही बाजू एकच पुस्तक उघडतात. जुने लोक पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा चौदावा अध्याय काढतात : सगळं व्यवस्थित, शिस्तीनं व्हावं. नवे लोक शेवटचं स्तोत्र काढतात : झांजा वाजवा, डफ वाजवा, नाचा. वचनांची ही लढाई कधीच संपत नाही, कारण दोन्ही वचनं खरोखर तिथे आहेत. मग गाडी दुसऱ्या रुळावर जाते, देशी आणि परदेशी. जुने म्हणतात, हे अमेरिकन टीव्हीवरून उचललेलं आहे. नवे विचारतात, मग तुमची उपासना कुठून आली, पंढरपूरहून?

या देशी-परदेशीच्या मापाचाच आधी समाचार घेऊ. माझं म्हणणं असं की हे माप निरुपयोगी आहे, आणि ते आपल्या जिल्ह्याच्या इतिहासातूनच दाखवता येतं.

विदर्भात तुम्ही कोणत्या पंथाचे ख्रिस्ती होणार, हे बहुतेक वेळा तुमच्या तालुक्यावरून ठरलं. मिशनांनी आपापसांत क्षेत्रं वाटून घेतली होती. एकाच्या शेतात दुसऱ्यानं नांगर घालायचा नाही. अकोला-अमरावतीकडे अलायन्स, बुलढाणा-वाशीमकडे नाझरीन, नागपूरला स्कॉटिश प्रेस्बिटेरियन, आणि आपल्याकडे यवतमाळ-वणी भागात फ्री मेथडिस्ट. आजोबांनी चार पंथांचे सिद्धांत तपासून एक निवडला, असं काही झालं नाही. आजोबा ज्या गावचे, त्या गावाला जे मिशन आलं ते त्यांचं झालं. तीन पिढ्यांनंतर नातू त्या पंथाच्या पद्धतीसाठी भांडतो, जणू सीनाय डोंगरावरून ती आली.

आता या ‘फ्री मेथडिस्ट’ नावातल्या ‘फ्री’कडे बघा. अमेरिकेत १८६० साली हा पंथ निघाला. बेंजामिन टायटस रॉबर्ट्स नावाच्या पाळकाला त्याच्या मूळ चर्चनं १८५८मध्ये काढून टाकलं होतं. त्याची एक मोठी तक्रार अशी, की मेथडिस्ट देवळांत बाकं भाड्यानं दिली जातात. श्रीमंत पुढे, गरीब मागे किंवा बाहेर. ‘फ्री’ म्हणजे काय, तर बाक फुकट! शिवाय गुलामगिरीला विरोध आणि आत्म्याची मोकळीक हेही त्या शब्दात होतं. पण याच मोकळ्या लोकांनी एक कडक नियम केला, आणि तो ऐकून आमच्या तबलजीला धक्काच बसेल : उपासनेत वाद्य वाजवायचं नाही आणि गायकांचा वेगळा संच बसवायचा नाही. हा नियम अमेरिकेत १९४३पर्यंत टिकला. त्या वर्षी वाद्याला परवानगी मिळाली, आणि तीही मत देऊन मागितली तर.

वरवर बघितलं तर ही रुक्ष, कर्मठ माणसं वाटतात. पण त्यांच्या नियमामागचं कारण बघा. शहरातल्या श्रीमंत चर्चांनी पगारी गायक आणि मोठे ऑर्गन आणले होते. गाणं चांगलं झालं आणि मंडळी गप्प झाली. शेतकरी, मजूर, बेसूर म्हातारी हे सगळे श्रोते झाले. त्यांच्या तोंडून गेलेलं गाणं त्यांना परत मिळावं म्हणून वाद्य बंद केलं. म्हणजे बाकाचं भाडं आणि ऑर्गन या दोन्हींबद्दलची तक्रार एकच होती : गरिबाची जागा गेली.

हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा मला ड्रमसेटच्या भांडणाकडे बघायची एक दिशा मिळाली. कोणती पद्धत आपली, कोणती परकी हे सोडून द्या. एखाद्या पद्धतीनं मंडळीतल्या कोणाचं तोंड उघडलं आणि कोणाचं मिटलं, एवढं विचारा. आता हेच माप आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेतल्या दोन सर्वांत मोठ्या माणसांना लावू. माप खरं असेल तर त्यांच्याबाबतीतही काहीतरी सांगेल.

पहिले नारायण वामन टिळक. १८६१चा जन्म, १८९५मध्ये मुंबईला बाप्तिस्मा. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ तुम्ही सगळ्यांनी वाचली असतील, नसतील तर हे व्याख्यान सोडून ती वाचा. टिळक म्हणत, आपण तुकारामाच्या मार्गानं ख्रिस्ताकडे आलो. इंग्रजी चालींवर कसेबसे बसवलेले मराठी शब्द गाणाऱ्या मंडळीला त्यांनी अभंग, ओवी, पदं दिली. कीर्तनं केली. अहमदनगरला कृष्णराव सांगळे त्यांच्या आधीपासून या वाटेनं चालत होते, हेही विसरू नये. आणि सगळ्यांच्या आधी, १६१६ साली, गोव्यात फादर स्टीफन्सनं ‘क्रिस्तपुराण’ ओवीत छापलंच होतं. शेवटी १९१७मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही जागा. १९१९मध्ये ते गेले.

टिळकांनी तोंड उघडलं का? उघडलं, यात शंका नाही. माझ्या आईला अक्षरओळख नव्हती. तिला साठ-सत्तर गीतं पाठ होती. अभंगाचा छंदच असा की एकदा कानात बसला की पुस्तक लागत नाही. छापील पुस्तकाच्या धर्मात निरक्षर बाईला एवढी जागा मिळाली ती त्या छंदामुळे.

पण इथे थोडं थांबायला हवं, कारण टिळकांचं कौतुक आपण फार आळशीपणानं करतो. ‘त्यांनी ख्रिस्ती धर्माला भारतीय रूप दिलं.’ कोणतं भारतीय? टिळक चित्पावन ब्राह्मण. कीर्तन, पुराण, संस्कृतप्रचुर पदं हे त्यांचं घरचं. मंडळीत बसलेले बहुसंख्य लोक महार आणि मांग वस्त्यांतून आलेले. त्यांच्या बापानं देवळातलं कीर्तन ऐकलं असेल तर ते बाहेर उभं राहून. चोखोबा पायरीशीच राहिले, आणि पंढरपूरचं देऊळ १९४७मध्ये साने गुरुजींच्या उपोषणानंतर उघडलं. तेव्हा ‘ही तर आपलीच परंपरा’ असं टिळक म्हणतात त्यातला ‘आपण’ कोण, असा प्रश्न एखाद्या दलित ख्रिस्ती माणसानं विचारला तर तो उद्धट ठरत नाही. ज्या दारातून हाकललं त्याच दारासारखं दार तुम्ही चर्चला लावलंत, असं तो म्हणू शकतो. मला स्वतःला हा आक्षेप पूर्ण पटत नाही. अभंग ही एकट्या ब्राह्मणांची मालमत्ता कधीच नव्हती, चोखोबा-सोयराबाईंनी तो आपला केलेला होता, आणि आमच्या वस्तीतल्या बायकांनी टिळकांची गीतं दळताना, निंदताना म्हटली, कोणी सक्ती केली नव्हती. पण आक्षेप ऐकल्याशिवाय टिळकांना हार घालू नये. आणखी एक. कीर्तनात शेवटी उभा एकच माणूस असतो. बाकीचे झील धरतात.

दुसरं नाव पंडिता रमाबाई. यांच्या घरी तर पुराण सांगणं हाच उदरनिर्वाह. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही मुलगी गावोगाव पुराण सांगत हिंडलेली. इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर वाँटेजच्या जोगिणींशी तिचे खटके उडाले. त्यातला एक क्रुसावरच्या लॅटिन अक्षरांवरून. लॅटिनमध्ये असं कोणतं पावित्र्य आहे जे आमच्या संस्कृतात नाही, असा तिचा सवाल. हीच बाई पुढे आयुष्याच्या अखेरीस हिब्रू-ग्रीक शिकून बायबलाचं मराठी भाषांतर करते आणि त्यातून संस्कृत वळणाचे शब्द निवडून निवडून बाहेर काढते, साध्या बाईला कळेल अशी मराठी हवी म्हणून. १९२२मध्ये ती गेली, भाषांतर १९२४मध्ये बाहेर आलं. काही अभ्यासक याला विसंगती म्हणतात. मला तसं वाटत नाही. इंग्रज जोगिणींपुढे दबलेला आवाज तिचा स्वतःचा होता, तेव्हा ती संस्कृतासाठी भांडली. केडगावात दुष्काळातून आणलेल्या मुली समोर आल्या, तेव्हा दबलेला आवाज त्यांचा होता आणि दाबणारं संस्कृत होतं.

या मुली कोण होत्या हे आपल्या लोकांनी विशेष लक्षात ठेवावं. १८९७च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली-बायका घेऊन केडगावला परतल्या. मध्य प्रांत म्हणजे आपल्या वऱ्हाडाला लागूनचा मुलूख. त्या ‘मुक्ती’च्या आवारात जून १९०५च्या अखेरीस एक गोष्ट घडली. प्रार्थनेला बसलेल्या मुली मोठ्यानं रडू लागल्या, पापं कबूल करू लागल्या, शेकडो जणी एकाच वेळी आपापली प्रार्थना ओरडून करू लागल्या. वेल्समधल्या जागृतीच्या बातम्या पोचल्या होत्या हे खरं, पण लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरची प्रसिद्ध चळवळ सुरू झाली ती १९०६मध्ये. म्हणजे पेंटेकोस्टल पद्धत अमेरिकेहून आयात झाली असं म्हणणाऱ्यांनी नकाशा नीट बघावा. पुणे जिल्ह्यातलं केडगाव एक वर्ष आधीचं आहे!

तेव्हाही भांडण झालं, आणि तेच झालं जे आज यवतमाळात होतंय. मिशनरी वर्तुळातून आवाज उठला : हा उन्माद आहे, बायकी हिस्टेरिया आहे, सभ्यतेला धरून नाही. रमाबाईंनी ‘मुक्ति प्रेयर बेल’मध्ये याला उत्तर दिलं. त्याचा मथितार्थ असा : इंग्रजी-अमेरिकन शिष्टाचारात बसत नाही ते सगळं सैतानाचं, असं का समजायचं? हिंदी माणसाला आपल्या रीतीनं रडायची, आनंदायची मोकळीक का नको? म्हणजे ज्या ओरडण्याला आज आम्ही ‘परदेशी’ म्हणतो, त्याचं समर्थन रमाबाईंनी देशी म्हणून केलं होतं.

माझ्या मापानं मुक्तीत काय झालं? ज्यांना बापानं, सासऱ्यानं, दुष्काळानं आणि रूढीनं गप्प केलं होतं, त्या मुली बोलल्या. कोणाच्या छंदात नाही, पाठ केलेलं नाही, स्वतःचं. तरीही एक गोष्ट खटकते आणि ती लपवू नये. या मुली सर्वस्वी रमाबाईंच्या आश्रयाला होत्या. अन्न तिथलं, कपडा तिथला. आजूबाजूच्या पाचशे जणी रडत असताना एखादीला न रडण्याची मोकळीक होती का? तोंड उघडण्याचं स्वातंत्र्य मोजताना मिटून ठेवण्याचं स्वातंत्र्यही मोजावं लागतं. नव्या संगतींना हा प्रश्न मी आजही विचारतो. हात वर न करणाऱ्याकडे तिथे कसं बघतात?

आता आमच्या घरचं सांगतो. माझी धाकटी बहीण. लहानपणी डोक्यावर पाणी शिंपडून तिचा बाप्तिस्मा झालेला. पन्नाशी उलटल्यावर ती नव्या संगतीत जाऊ लागली आणि बेंबळेच्या पाण्यात बुडून तिनं पुन्हा बाप्तिस्मा घेतला. आमची आत्या तेव्हा हयात होती. ती रडली. तिचा प्रश्न एवढाच : ‘मग तुह्या बाप्तिस्म्याच्या दिवशी मी तुले मांडीवर घेऊन उभी होतो, ते काय खोटं होतं?’ बहिणीकडे उत्तर नव्हतं. त्या पाळकांकडे होतं, पण ते ऐकायला आत्या गेली नाही. मी तर प्राध्यापक. मी बहिणीला दोन तास सुनावलं. बाप्तिस्मा एकदाच असतो, ही चर्चची प्राचीन भूमिका आहे, वगैरे. शिवाय आपल्या शेजारचं उदाहरण दिलं. २९ नोव्हेंबर १९७०ला नागपूरला सहा चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यात बालकांना बाप्तिस्मा देणारे होते आणि मोठेपणीच बुडवणारे बाप्टिस्टही होते. दोन्ही रीती राहतील असं ठरवून ते एका छपराखाली आले. एवढे मोठे लोक जमवून घेतात, तुला काय झालं? असं मी म्हणालो. ती ऐकत होती. ती नेहमीच ऐकत असे.

मग तिच्या यजमानांच्या आजारपणात एकदा तिच्या संगतीचे लोक घरी आले. मी कोपऱ्यात बसलो होतो, नाक मुरडून. आणि माझी बहीण उभी राहून प्रार्थना करू लागली. वऱ्हाडीत. ‘देवा, याले उठव, माह्यावर एवढा भार नोको टाकू.’ दहा मिनिटं. देवाशी भांडत होती. जुन्या मंडळीत तिनं चाळीस वर्षं काढली, तिथे गीतं म्हटली, ‘आमेन’ म्हटलं, चटया अंथरल्या, चहा केला. तिचा स्वतःचा एक शब्द त्या चार भिंतींत कधी मोठ्यानं उमटला नव्हता. आम्ही कोणी तिला विचारलंही नव्हतं. पुनर्बाप्तिस्म्याविषयीचं माझं मत आजही बदललेलं नाही. पण तिला सुनावलेले ते दोन तास मला परत घेता आले तर घेईन.

म्हणून नवे बरोबर, असं तुम्ही लिहून घेत असाल तर पेन खाली ठेवा. त्याच बहिणीच्या संगतीत आम्ही आईला एकदा नेलं. प्रोजेक्टरवर हिंदी गाणं, दर आठवड्याला नवीन. आई वाचू शकत नव्हती आणि पाठ होण्याइतकं कोणतंच गाणं टिकत नव्हतं. स्टेजवरची चार पोरं माइक घेऊन गात होती, आणि आवाज इतका की शेजारी कोण गातंय की नुसतं ओठ हलवतंय, काही कळू नये. साठ-सत्तर गीतं पाठ असलेली बाई दोन तास मुकी बसली. रॉबर्ट्सनं ऑर्गनबद्दल जी तक्रार केली ती इथे ड्रमला जशीच्या तशी लागू पडते. एका छपराखाली मुलीचं तोंड उघडलं आणि आईचं मिटलं.

माझ्या मापाच्या मर्यादाही सांगून टाकतो, नाहीतर मागच्या बाकावरचे आमचे जुने विद्यार्थी मला सोडणार नाहीत. सगळ्यांनी तोंड उघडलं म्हणजे जे बोललं गेलं ते सत्य ठरत नाही. जमावही एकमुखानं बोलतो. आजारी माणसाला ‘औषध सोड’ असं कोणी सांगत असेल तर तिथे सहभाग कितीही उत्कट असो, मी त्याला चूकच म्हणेन. सिद्धांताची परीक्षा वेगळी, पद्धतीची वेगळी.

युरोपात सोळाव्या शतकात यावर फार बारीक वाद झाला. स्टोइकांचा एक शब्द त्यांनी उचलला होता, ‘अडिआफोरा’. म्हणजे ज्या गोष्टींची आज्ञा नाही आणि मनाईही नाही अशा उदासीन गोष्टी : झगे, मेणबत्त्या, चाली. लूथरच्या मृत्यूनंतर, १५४८मध्ये, सत्तेच्या दबावाखाली काही जुने विधी परत आणायचं ठरलं. मेलांख्टन म्हणाला, बाह्य गोष्टी आहेत, मान्य करू. फ्लासियस म्हणाला, सक्ती आली की बाह्य गोष्ट बाह्य राहत नाही. १५७७च्या ठरावात साधारण हेच मान्य झालं. मला फ्लासियसचा स्वभाव आवडत नाही, भांडखोर माणूस होता, पण त्याचा मुद्दा आपल्या मंडळ्यांच्या बैठकांत वाचून दाखवावा असा आहे. ड्रम ही उदासीन गोष्ट आहे. ‘ड्रम नको म्हणणाऱ्यात आत्मा नाही’ असं म्हटलं की ती उदासीन राहत नाही. उपासना-संगीत उदासीन आहे. ‘यातलंच म्हणा, नाहीतर प्रभुभोजनाला येऊ नका’ म्हटलं की तेही संपलं.

तर त्या मुलाला माझं उत्तर. तो आलाय का आज? हां, तिथे बसलाय. बाबा रे, ड्रमसेटवर मत घेण्याआधी एक काम कर. चार रविवार मागे बस आणि नुसतं बघ. कोण गातंय, कोणाचे ओठ बंद आहेत, प्रार्थना कोण करतं, चटया कोण अंथरतं. नावं लिही. मग बैठकीला जा. आणि ज्यांचे ओठ बंद होते त्यांना त्या बैठकीत बोलाव, कारण आजवर या बैठका पेटीवाल्यांच्या आणि ड्रमवाल्यांच्या झाल्या आहेत.

एक गोष्ट मात्र मला अजून सुटलेली नाही. पांढरकवडा, झरी-जामणीकडे कोलामांच्या पोडांवर काही कुटुंबं उपासनेला बसतात. त्यांना टिळकांचा अभंग म्हणजेही परभाषाच आणि हिंदी गाणंही परभाषाच. त्यांच्याकडे ढोल आहे, दंडार आहे, घरात कोलामी आहे. मी अशा एका उपासनेला गेलो होतो. पाळक मराठीत बोलले, मीही चार शब्द मराठीतच बोललो, सगळे शांतपणे ऐकत होते. बाहेर पडल्यावर मागच्या रांगेतल्या दोन बाया आपापसांत कोलामीत काहीतरी बोलून हसल्या. काय बोलल्या, ते मला कळलं नाही.

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ. आधी मागच्या बायकांकडे माइक द्या.